ती झोपली नव्हती

एकोडी
४ एप्रिल २०२५

गोपीचंद,

माहा फोन तुनं ब्लॉक केला. तृप्तीच्या फोनवरून लावला, तं माह्या पोरीचा नंबर बी ब्लॉक. म्हणून पत्र लिहून राहिलो. पोस्टमन बपेऱ्यात तुह्या नव्या घरापुढं गाडी थांबवीन, तुही सही घेईन अन् हे तुह्या हातात देईन. फाडून फेकशील तं दुसरं पाठवीन. पाय प्लास्टरात आहे, हात रिकामे आहेत.

काल वकिलानं तुहा जबाब मले वाचून दाखवला. "माझ्या परवानगीशिवाय चालकाने हमालांना मालावर बसविले. सदर चालक वाटेत सवाऱ्या बसवून पैसे घेत असल्याचा मला पूर्वीपासून संशय होता." म्या म्हटलं, पुन्हा वाचा जी. त्यानं पुन्हा वाचलं. सदर चालक! तुह्या सख्ख्या बहिणीचा नवरा सदर चालक झाला काय रे?

अन् संशय होता तं गाडी माह्याच हाती काहून ठेवली? दुसरा ड्रायव्हर भेटत नव्हता काय तुमसरात?

दहावीत नापास झाला तेव्हा तुह्या बापानं तुले हात धरून माह्या ट्रकपाशी आणलं होतं. म्हणाले, "जवाईबापू, याले माणूस करा." म्या तुले बाजूले बसवलं. लाकडाच्या लठ्ठ्याचं बूड कोणीकडं ठेवाचं, साखळी कुठं कसाची, नाक्यावर पास दाखवताना तोंड कसं ठेवाचं, सगळं म्या शिकवलं. ट्रक मालकीचा झाला तेव्हा तू म्हणाला, "भाऊजी, गाडी माही, पण हात तुमचेच." म्या दुसऱ्या मालकाची गाडी सोडून तुह्याकडं आलो. मूर्ख होतो.

तीस वर्षं लाकूडच हाकललं. रेतीवाले, धानवाले मागं लागले, गेलो नाही. रेती झोपून जाते ट्रकमध्ये. धान बी झोपते. लाकडाचा माल जागा राहते. आपण वळलो की तो थोड्या वेळानं वळते, आपण थांबलो की तो थांबाच्या आधी एकदा विचार करते. रस्ता कमी अन् आरशातली साखळी जास्त पाहा लागते. असा माणूस मी, अन् तू लिहून देते की हा सवाऱ्या शोधत फिरते.

आता ऐक. तुले सगळं माहीत आहे, तरी ऐक, कारण तुले आठवत नाही असं तू ठाण्यात म्हणाला.

माल अडवून धराले ट्रकच्या बाजूले उभे खुंट राहतेत, त्यातला डाव्या अंगाचा पुढचा बुडात चिरला होता. म्या तुले होळीच्या आधी सांगतलं. खुंट चिरला असला की सगळा भार साखळीवर येते, हे बी सांगतलं. तू म्हणाला, "घराची वास्तू होऊन जाऊ दे भाऊजी, मंग गाडी गॅरेजले लावू." ठीक आहे म्हटलं.

त्या दिवशी जंगलातून सागवान भरलं. श्यामराव अन् त्याचे तीन हमाल, चौघंही आमच्या एकोडीचे. माल भरून झाला की त्याइले घरी न्यायाले तुही पिकअप येते. त्या दिवशी आली नाही. म्या तुले फोन लावला. तू म्हणाला, "पिकअप मंडपाचे पाइप आणाले गेली. हमालाइले वरतेच बसव ना भाऊजी, सगळ्याइले एकोडीलेच तं जाचं आहे."

म्या नाही म्हटलं. म्हटलं, खुंट चिरला आहे, मालावर माणूस नको.

तू म्हणाला, "नाही काय नाही? गाडी कोणाची आहे?"

हेच म्हणाला तू. याच शब्दात. माह्या फोनचा आवाज कानापाशी येत नाही, स्पीकरवर टाका लागते, हे तुले माहीत आहे. कॅबिनमध्ये माह्या बाजूले कोण बसलं होतं हे बी तुले माहीत आहे. तिच्याबद्दल आज लिहीत नाही.

मंग हमाल चढले. नाल्याच्या अलीकडच्या उतारावर साखळी तुटली, खुंट लोळला अन् माल डाव्या अंगानं सुटला. तिघं उड्या मारून वाचले. श्यामराव नाही वाचला. ट्रक नाल्यात उतरला अन् माहा पाय पायडलमध्ये मोडला. दरवाजात अडकून पडलो होतो तिथून मले श्यामरावची चप्पल दिसत होती, श्यामराव दिसत नव्हता.

फोन झाला हे कंपनीच्या रेकॉर्डात निघते. काय बोलला हे निघत नाही. म्हणून तू एवढा बिनधास्त.

ठाण्यात जा अन् जबाब बदल. एवढंच.

तुलाराम


एकोडी
२७ एप्रिल

गोपीचंद,

तू आला नाही. प्रविणले पाठवलं. तुहा सगळा कारभार पाहणारा तो प्रविण, पिशवीत अंगूर घेऊन माह्या पलंगापाशी खुर्चीवर बसला. तुह्या बहिणीनं, सुलोचनानं, त्याले चहा दिला अन् ती मागच्या अंगणात गेली. ती गेल्यावर तो म्हणाला, "भाऊ म्हणतेत, तुमी गुन्हा कबूल करून टाका. वकील भाऊ देतीन, मोठा. अशा केसमध्ये काही होत नाही. नवी गाडी आली की चाबी तुमच्याच हातात."

म्या विचारलं, "हे भाऊ स्वतः काहून नाही म्हणत?"

"भाऊ कामात आहेत."

म्या म्हटलं, अंगूर घेऊन जाय. तो ठेवून गेला. ते आमी गाईले टाकले.

गुन्हा कबूल करा! गाडी तुही, खुंट तुहा, पिकअप तुही, फोन तुहा, अन् कबूल म्या कराचं. तुले वाटते मी हो म्हणीन. तुले असं काहून वाटते, ते म्या पुरं ओळखलं आहे. त्या दिवशी लिहिलं नाही, आज लिहितो.

दवाखान्यात पहिल्या दिवशी मले अन् सुलोचनाले एकाच खोलीत ठेवलं होतं, मधात हिरवा पडदा. ती तुह्याच घरची वास्तूची कामं करून, माल भराले जाणाऱ्या माह्या ट्रकमध्ये बसून घरी येत होती. कपाळ फुटलं होतं, खांदा सरकला होता. पोलीस यायच्या आधी तू आला. मले वाटलं, आधी मले पाहशील. तू पडद्यापलीकडं गेला. तू रडत होता. नाटक नव्हतं, खरंच रडत होता, तुहं रडणं मी ओळखतो.

तू म्हणाला, "बाई, तू झोपली होती ना?"

ती बोलली नाही.

"घरच्या कामानं थकली होती तू. गाडीत बसल्या बसल्या झोप लागली असन."

पडद्याआड तिच्या बांगड्या वाजल्या, बस.

मंग तू विचारणंच सोडलं. तू तिलेच सांगतलं. "माहे लेकरं लहान आहेत बाई. तू झोपली होती."

अन् पोलीस आले तेव्हा माही बायको, जी पंचवीस वर्षांत माह्याशी एक खोटं बोलली नाही, ती म्हणाली, "मी झोपली होती जी. मले काही माहीत नाही."

ती झोपली नव्हती, गोपी. तुहा शब्द न् शब्द तिनं ऐकला. तू फोन ठेवल्यावर ती माह्याकडं पाहत होती.

म्या पडदा ओढला नाही. पोलिसाले म्हटलं नाही की बाई खोटं बोलून राहिली. काहून? तुह्यासाठी नाही. आई गेली, बाप गेला, तिच्या माहेरात आता तूच एक माणूस. तिनं भाऊ वाचवला, म्या तिचं बोलणं वाचवलं. अन् तू याच भरवशावर बसला आहे. तुले पक्कं माहीत आहे की भाऊजी बाईले कधी म्हणणार नाही, जा अन् तुह्या भावाविरुद्ध बोल. माह्या चूप बसण्यावर तू उभा आहे अन् वरून मलेच चोर म्हणून राहिला. एखाद्या परक्यानं असं केलं असतं तं एवढी आग झाली नसती.

घरी आमी या गोष्टीवर बोलत नाही. ती मले उठवते, बसवते, माहे कपडे बदलते. माह्या डोळ्यात पाहत नाही. अन् जी बाई उतारावर झोपली होती म्हणते, तिले घरी गादीवर झोप लागत नाही.

मी तिले म्हणणार नाही. हे तुले बरोबर माहीत आहे. म्हणून तुलेच म्हणतो. तुह्यात काही उरलं असन तं तू बोल.

तुलाराम


एकोडी
११ जून

गोपीचंद,

दोन पत्रं भेटली असतीन. दोन्ही सह्या तुह्याच आहेत, पोस्टमास्तरानं सांगतलं.

आज श्यामरावची बायको आली होती. सत्यभामाबाई. माणूस गेल्यापासून आमच्या गल्लीत ती आली नव्हती. तिच्या पोरीले, टीनाले, दुकानात कोणीतरी म्हटलं, "तुहा बाप पैसे देऊन बसाले गेला अन् मेला." पोरगी सामान तिथंच टाकून घरी गेली. हे बोलणं कुठून निघालं, सांग बरं? तुह्या जबाबातून. तू ठाण्यात थुकला, अन् ते आमच्या गावातल्या पोरीच्या अंगावर पडलं.

सुलोचना अंगणात धानाचं बियाणं उन्हात पसरवून राहिली होती. मी कुबडी घेऊन ओसरीत बसलो होतो. सत्यभामाबाई आत आली नाही. अंगणातच उभी राहिली.

"सुलोचना, माहा नवरा पैसे देऊन बसला होता काय तुह्या नवऱ्याच्या गाडीवर?"

"नाही वो बाई."

"मंग कोणाच्या म्हणण्यावरून बसला? बाकीचे तिघं गोपीच्या रोजीवर, ते तोंड उघडत नाहीत."

"मले माहीत नाही. मी झोपली होती."

सत्यभामाबाईनं तिच्याकडं एवढा वेळ पाहिलं की मले वाटलं आता मारते. मंग म्हणाली, "उतारावर? डोक्यामागं सागवानाचा माल, खाली नाला, अन् तुले झोप लागली?"

सुलोचना धानात हात घालून तशीच बसून राहिली.

"माह्या माणसाले मालावर बसाचा भेव वाटे," सत्यभामाबाई म्हणाली. "लग्नाच्या वऱ्हाडात बी तो ट्रकच्या वर चढत नव्हता. त्याले कोणीतरी बसवलं." मंग ती माह्याकडं फिरली. "अन् तुमी जी? तुमाले बी झोप लागली होती काय?"

तिनं गाली दिली असती तं म्या खाऊन घेतली असती. ती गेली. तिच्या पायाखाली चार दाणे आले होते, ते सुलोचनानं वेचले, पुसले, पुन्हा धानात टाकले अन् मंग एकदम उठून घरात गेली.

मले तुहा असा राग आला गोपी, की कुबडी फेकली. ओसरीतला रांजण फुटला. पाणी सगळ्या अंगणात. बियाणं भिजलं. सुलोचनानं बाहेर येऊन पाहिलं. तिनं बियाणं भरलं अन् पिशवीत एक लुगडं टाकलं.

उद्या सकाळच्या एसटीनं ती तुह्याकडं येऊन राहिली. म्या पाठवलं नाही. म्या विचारलं तं म्हणाली, "माहेरी जाऊन राहिली, त्याले कारण लागते काय?" हे पत्र यायच्या आधी ती पोचीन. मले माहीत नाही ती तुले काय म्हणीन. पण तिच्यापुढं खोटं बोलू नोको. माह्यापुढं बोल, ठाण्यात बोल, पेपरात छापून आण. तिच्यापुढं नोको.

तुलाराम


एकोडी
१९ जून

गोपीचंद,

बोललाच.

ती आज बपेऱ्याहून परत आली, गाडीतून उतरली, पाय धुतले, स्वयंपाक केला, मले वाढलं. मी जेवून राहिलो तेव्हा समोर बसली अन् पहिल्यांदा सगळं सांगतलं. मार्चपासून आमी नवरा-बायको या गोष्टीच्या आजूबाजूनं फिरत होतो, जसा घरात विंचू निघाला आहे अन् कोणी दिवा लावत नाही.

म्हणे तुनं तिले नवं घर दाखवलं. खाली चकचकीत फरशी, वरते पोराइच्या दोन खोल्या. तुह्या बायकोनं, रुचिकानं, पुरण केलं. मंग सुलोचना म्हणाली, मले गोपीशी एकटं बोलाचं आहे. तुनं दार लावलं.

ती म्हणाली, "मी कोणाले सांगत नाही. ठाण्यात जात नाही, कोर्टात जात नाही. तू फक्त माह्यापाशी म्हण, की फोनवर तू तसं बोलला. एवढं एकदा म्हण. मी जनमभर झोपलीच होती असं सांगीन. आईची शपथ."

एवढंच मागतलं तिनं. बंद दारात. कोणी ऐकणारं नाही. भाऊ अन् बहीण. तुह्या जागी एखादं ढोर असतं तं त्यानं बी मान हालवली असती.

अन् तू काय म्हणाला? "मले आठवत नाही बाई. मी तसं म्हणलोच नसन. भाऊजीची सवयच आहे सवाऱ्या बसवाची, तुले माहीत नाही."

तिले म्हणाला तू. जिनं आपल्या कानानं ऐकलं, तिले!

ती सांगत होती तेव्हा रडली नाही. म्हणाली, "त्यानं माह्याकडं पाहून म्हटलं. डोळे बी नाही खाली केले. मले वाटलं, हा खरंच विसरला. मंग वाटलं, विसरला तं आणखीनच वाईट." निघताना रुचिका साडी द्यायाले आली. सुलोचनानं ती घेतली, पायरीवर ठेवली अन् बसस्टँडवर पायीच आली. तू मागून गाडी घेऊन आला, हॉर्न वाजवला. ती थांबली नाही. बरोबर आहे ना? का हे बी आठवत नाही?

म्या ताट सरकवलं. अन् आता ऐक, म्या काय म्हटलं. म्या तिले म्हटलं, "जाऊ दे. तुले एकच भाऊ आहे."

हो, म्या म्हटलं. जो तुले एवढ्या शिव्या घालून राहिला तोच मी. मले तिच्या तोंडाकडं पाहून भेव वाटला. उद्या तिचं माहेरच बंद झालं तं ती माह्या घरात बसून माह्यावरच चिडीन, असं बी वाटलं.

ती म्हणाली, "भाऊ एकच आहे. अन् श्यामरावले काय दोन जीव होते?"

उद्या ती ठाण्यात जाऊन राहिली. पहिला जबाब खोटा दिला हे सांगाले. साहेब तिच्यावरच भडकीन, तिलेच विचारीन की आधी काहून नाही बोलली. जाऊ दे म्हणते, भडकू दे.

तुले वेळ आहे. उद्या दुपारपर्यंत. तिच्या आधी तू ठाण्यात पोचला तं तिचं जाणं वाचीन.

हे पत्र तुले उद्या भेटणार नाही, हे मले कळते. तरी लिहून राहिलो. तृप्तीनं यातल्या चार ओळी लिहून रुचिकाच्या फोनवर बी पाठवल्या आहेत. दोन निळ्या खुणा आल्या. वाचलं आहे तुमी.

तुलाराम


एकोडी
६ ऑगस्ट

गोपीचंद,

काल कोर्टात तुले पाहिलं. नाल्यातून काढलेला ट्रक सोडवाले तू आला होता. ठाण्याच्या आवारात तो उभा आहे, जाता-येता मले दिसते. त्याच्या फाळक्यावर आता वेल चढली आहे. तू त्याच्यासाठी आला, नवा सदरा घालून.

सुलोचना ठाण्यात जाऊन आली होती, म्हणून तिचं बयान काल जज साहेबापुढं होतं. आत मले जाऊ नाही दिलं. मी बाहेर बाकावर, तू चहाच्या टपरीवर. मधात सगळं आवार. ती आत गेली तेव्हा मले वाटलं, लवकर येईन. कितीतरी वेळ आली नाही. बाहेर आली तं पदर घट्ट आवळून आली, अन् माह्याकडं यायच्या ऐवजी सरळ तुह्याकडं गेली. म्या उठाले काठी धरली. वाटलं, ती एक ठेवून देईन तुले. खरं सांगतो, मले ते पाहाचं होतं.

ती तुह्यापुढं उभी राहिली अन् म्हणाली, "जेवला काय रे?"

तू कपात पाहत राहिला. हो किंवा नाही, एवढं बी नाही.

मले तिचा एवढा राग आला! म्हटलं, ज्यानं तिले खोटं पाजलं, नवऱ्याले चोर केलं, त्याले जेवण विचारते. तेच बोलून मी एसटीत बसल्यावर भांडण काढलं. ती म्हणाली, "तो माहा भाऊ आहे. म्या त्याच्याविरुद्ध खरं सांगतलं, तो माहा भाऊ नाही असं नाही सांगतलं."

मंग म्या विचारलं, "काय काय सांगतलं?"

"सगळं."

"सगळं म्हणजे?"

"गोपी फोनवर काय बोलला ते. खुंट चिरला होता, तुमी त्याले आधी सांगतलं होतं, ते. तो दवाखान्यात येऊन काय म्हणाला, ते बी." मंग म्हणाली, "तुमी एकदा नाही म्हटलं, ते सांगतलं. मंग फोन ठेवून खिडकीतून हात काढला अन् म्हणले, 'चढा रे. श्यामराव, तू डाव्या अंगाले बस, तिकडं सावली आहे.' ते बी सांगतलं."

म्या तुले लिहिलं होतं, हमाल चढले. जसे ते आपल्या मनानंच चढले.

श्यामराव नाही म्हणत होता, गोपी. दोनदा म्हणाला, "मी पायी जातो." म्या म्हटलं, चढ बे, ऊन लागन. त्याले सावलीत बसवाले म्या डाव्या अंगाले बसवलं. खुंट कोणत्या अंगाचा चिरला होता, हे दुनियेत माह्यापेक्षा जास्त कोणाले माहीत नव्हतं. पण त्या वेळेस माह्या कानात तुहं 'गाडी कोणाची आहे?' हेच वाजत होतं, अन् रागात म्या तो विचारच केला नाही.

मी एसटीतच ओरडलो. "माहं सांगाले तुले कोणं म्हटलं होतं?" सगळी गाडी पाहाले लागली. कंडक्टरनं शिटी तोंडातून काढली.

ती हळूच म्हणाली, "तुमाले अर्धंच खरं पाहिजे होतं काय?"

म्या तोंड फिरवलं. बाहेर सगळीकडं रोवणे चालू होते, बाया ओळीनं वाकून धान लावत होत्या. थोड्या वेळानं ती पुन्हा म्हणाली, "अन् माहं बी सांगतलं. मी बाजूलेच होती. 'नका बसवू' म्हणायाले मले बी तोंड होतं. मी लवकर घरी जाची वाट पाहत होती. ते बी लिहून घेतलं तिथल्या टायपिंगवाल्या बाईनं."

एकोडी आली तेव्हा तिनंच माही काठी धरून मले उतरवलं.

आज सकाळी वकिलाचा फोन आला. भडकला होता. "तुमच्या बायकोनं तुमचीच केस बिघडवली. आता एकच रस्ता आहे, म्हणा की बाईच्या डोक्याले मार लागला होता, तिले नीट आठवत नाही." म्या त्याले म्हटलं, "साहेब, आठवत नाही म्हणणारा एक आमच्या घरी आधीच आहे." फोन ठेवून दिला. दुसरा वकील पाहीन, नाही तं बिनवकिलाचा उभा राहीन.

फोन ठेवला अन् काठी घेऊन सत्यभामाबाईच्या घरी गेलो. ती अंगणात चूल लिपून राहिली होती. म्या उभ्यानंच सांगतलं. गियर म्या टाकला. श्यामराव नाही म्हणत होता, म्या बसवला, अन् चिरलेल्या खुंटाच्या अंगाले बसवला. टीना दारात उभी होती, तिनं बी ऐकलं. सत्यभामाबाई बसा म्हणाली नाही, पाणी दिलं नाही. चूल लिपत राहिली. बरोबर केलं तिनं. मी काठी टेकत परत आलो. मले हलकं-बिलकं काही वाटलं नाही. पाय दुखत होता.

तुहा राग कमी झाला असं समजू नोको. वाढला आहे. कारण आता मले माहीत झालं की हे म्हणता येते. तोंड जळत नाही. मी म्हणून आलो, दोन पायानं नाही, एका पायानं जाऊन आलो. तुले तं चार चाकं आहेत.

केस उभी राहीन तेव्हा मी हेच म्हणीन. मले सजा झाली तं होऊ दे. लायसन आधीच गेलं आहे, लाकडाचा ट्रक या हातात आता येणार नाही, अन् आला तरी मले आरशात पाहवणार नाही. मंग साहेब तुह्याकडं पाहतीन. तेव्हा तू काय म्हणते, हे ऐकाले मी तिथंच उभा राहीन.

सुलोचना तुले जेवला काय, असं विचारत राहीन. तो तिचा हक्क आहे. मी विचारणार नाही. तुले एकोडीले याचं असन तं ये, म्या दार लावलं नाही. पण बसस्टँडवरून माह्या घराकडं येणारी गल्ली सत्यभामाबाईच्या अंगणापुढूनच येते, दुसरी वाट नाही. आधी तिथं थांब. तिथं जे म्हणाचं ते म्हण. मंग पुढं ये.

तुलाराम